अमिसाने कोणाला सांगितलं नाही

जोसाया अमिसा गस्तीच्या जहाजावर दवाखाना सांभाळायचा. शिकलेला डॉक्टर नव्हे, पण एकोणीस वर्षांच्या नोकरीत सगळे त्याला डॉक्टरच म्हणायला लागले होते आणि त्यालाही ते गोड लागायचं. शिस्तीला मात्र भलताच कडक. एखाद्याला एकदा जरी जुलाब झाला तरी दोन दिवस वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळा संडास. "लपवलंस तर सत्तर जणांना आडवं करशील," असा दम तो प्रत्येकाला भरायचा.

सेकोंडीचं बंदर सोडून तीन आठवडे झाले होते. वाटेतल्या एका बंदरात त्याने धक्क्यावरच्या बाईकडून कच्चे शिंपले घेतले आणि लिंबू पिळून उभ्याउभ्याच खाल्ले. बाहेरचं काही खाऊ नका म्हणून त्याच सकाळी त्याने सगळ्यांना बजावलं होतं.

बुधवारी नाश्त्याआधी त्याला तीनदा पळावं लागलं. सांगायचं तर शिंपल्यांचंही सांगावं लागणार, आणि पोरं महिनाभर खिदळणार. त्याने पोट आवळणारी गोळी घेतली आणि तोंड मिटलं. बुधवार म्हणजे हिवतापाच्या गोळ्यांचा वार. पाणी बेताचं होतं, म्हणून त्याने हात नुसते ओले केले. मग डेकवर उभा राहून डब्यातून बोटांनी गोळ्या काढत एकेकाच्या तळहातावर ठेवत गेला.

शुक्रवारपर्यंत एकतीस जण आडवे झाले. झोपायच्या जागेत बादल्या कमी पडल्या. गुरुवारच्या जेवणात तळलेले मासे होते, त्यामुळे सगळा राग एबो पेंटसिलवर निघाला. पेंटसिल जहाजाचा आचारी, अमिसाच्याच गल्लीतला. दोघे वर्षानुवर्षं एकाच थाळीत मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी मोडून खात आले होते.

"काय रे पेंटसिल, मासे गटारातून काढलेस काय?" एकजण बादलीवर ओणवा होऊनही ओरडला.

"याच्या बायकोलाच विचारा, ती अजून जिवंत कशी!" दुसरा.

कॅप्टन टँडोंनी अमिसाला बोलावलं. "मासेच ना?"

"असेल, साहेब," अमिसा म्हणाला.

तेवढ्यावर पेंटसिलला स्वयंपाकघरातून काढलं. उरलेले मासे त्याने स्वतःच समुद्रात ओतले. बायकोने करून दिलेली शितोच्या तिखट चटणीची बरणीही ओतली, कारण कोणी तिला शिवत नव्हतं. अमिसा शेजारून ब्लीचची बादली घेऊन गेला. त्याने मान वर केली नाही.

कामात मात्र त्याने कसूर केली नाही. आजाऱ्यांना पुढच्या भागात हलवलं, मधल्या दारावर माणूस उभा केला, कठडे, नळ, दारांच्या मुठी दिवसातून चारदा पुसून घेतल्या, एका थाळीत जेवणं बंद केलं. इंजिनवरच्या सेलोर्मची नाडी हाताला लागेना, तेव्हा त्याला सलाईन लावून तो दुपारभर त्याच्या उशाशी बसला. सेलोर्म डोळे न उघडताच पुटपुटला, "देव तुमचं भलं करो, डॉक्टर." अमिसाला तिथून उठून पळावंसं वाटलं.

शनिवारी, नियमाप्रमाणे, कोणी काय खाल्लं याची यादी करायला तो बसला. मासे न खाल्लेले चौघे आजारी होते. बुधवारी पाळीवर असल्याने गोळ्यांच्या रांगेत नसलेले नऊ जण मासे चापूनही ठणठणीत. मनातून त्याला हे ठाऊकच होतं. आता ते स्वतःच्या अक्षरात समोर आलं. तो कागद चुरगाळला असता, तर कोणाला कळलंही नसतं. त्याने कागदाची नीट घडी घातली.

मग तो कॅप्टनांकडे गेला. "साहेब, मासे नव्हेत. मी होतो."

टँडोंनी सगळं ऐकून घेतलं. "आणि चार दिवस पेंटसिल शिव्या खात होता?"

"दोन दिवस, साहेब."

"दोन दिवस," टँडो म्हणाले. "बरं झालं मोजलेस."

चालते-फिरते होते तेवढ्यांना डेकवर उभं करून त्यांनी ते अमिसालाच सांगायला लावलं. शिंपल्यांसकट. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

पेंटसिल भांडी घासत होता. अमिसा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. "एबो, शिव्या दे, मार, काहीतरी कर."

"तू मला आधी सांगितलं असतंस ना," पेंटसिल हात न थांबवता म्हणाला, "तर मी तुला पेज करून दिली असती. कोणाला कळू दिलं नसतं."

जहाजावर साथ असल्याचा पिवळा झेंडा लावून ते सहा दिवस बंदराबाहेर उभं राहिलं. सेलोर्मसह सगळे वाचले. अमिसाला ठपका बसला आणि किनाऱ्यावरच्या औषधांच्या कोठारात बदली मिळाली. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. गल्लीत भेटला की पेंटसिलच आधी हाक मारतो, मुलांची चौकशी करतो, कधी घरी जेवायलाही बोलावतो. पेंटसिलची बायको दोघांसाठी दोन थाळ्या मांडते. अमिसा आपल्या थाळीकडे बघत जेवतो आणि हात धुवायला सगळ्यांच्या आधी उठतो.