‘येऊ दे, येऊ दे’: सेन्सर लावलेली मिनीबस घेऊन सामानगडावर

आधीच सांगून ठेवते. दुसऱ्याची गाडी मागं येताना दिसली की ज्यांच्या तोंडातून आपोआप “येऊ दे, येऊ दे” बाहेर पडतं, त्यांना हे वाचून राग येणार आहे. येऊ दे.

आमच्याकडं एक जुनी मिनीबस आहे. पूर्वी ती शाळेची मुलं न्यायची. आमच्या ह्यांचा उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. त्यांनी ती मोडीत निघालेली बस उचलली आणि रविवारी रविवारी खपून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, डबे पडू नयेत म्हणून फळ्यांना पट्ट्या. त्या गाडीतून आम्ही विजापूर, हंपी, गोकर्ण सगळं केलं. चालवायचे हे. गाडी मागं घ्यायची वेळ आली की मी खाली! पदर खोचून, चिखल असो की शेण असो, मागं उभं राहून ओरडायचं. वर्षानुवर्षं ह्या गाडीचा सेन्सर मीच होते, पण त्याचं कौतुक कुणाला?

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं एकेका शब्दावर आलं. स्टेअरिंग माझ्याकडं आलं, त्याची मला भीती नव्हती. माहेरी नेसरीला वडिलांची जीप चालवतच मी मोठी झाले. पण आता मागं उभं कोण राहणार? गेल्या महिन्यात कारखान्याच्या आवारात मागं घेताना गाडी भिंतीला टेकली आणि दिवा फुटला. एवढंच निमित्त! माझे धाकटे दीर बापूभावजी आता कारखाना बघतात. ते लगेच म्हणाले, “वहिनी, बास झालं. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. देऊन टाकू.” हे तिथंच खुर्चीवर बसले होते. गाडीकडं बघत राहिले. मी म्हटलं, “सेन्सर लावते, ह्यांना सामानगड दाखवून आणते. गाडीवर ओरखडा जरी दिसला तर खुशाल विका.” भावजी म्हणाले, “ठरलं. गुरुवारी गिऱ्हाईकाला आवारातच बोलवतो.”

रिव्हर्सचे सेन्सर हल्ली भारी गाड्यांना आतूनच बसवून येतात म्हणे. आपल्यासारख्यांना मागच्या बंपरला भोकं पाडून बसवावे लागतात. बटणाएवढ्या चार टिकल्या. मागं काही जवळ आलं की ड्रायव्हरपाशी पीं-पीं वाजतं, आणि अगदी जवळ आलं की न थांबता वाजतं. बसवण्यासकट तीन हजारांच्या आत काम होतं. कुणी लावणार असाल तर गुडघ्याच्या जरा वर लावून घ्या. फार खाली लावले तर रस्त्यालाच बघून बोंबलतात. आणि बायकांनो, फिटरशी बोलायची तयारी ठेवा, कारण तो तुमच्याशी बोलणार नाही! आमचा फिटर सगळं ह्यांनाच विचारत होता. “मालक, वायर कुठनं घेऊ? मालक, आवाज किती ठेवू?” मी म्हटलं, “मला विचारा. चालवणार मी.” “व्हय व्हय काकी,” म्हणाला, आणि पुन्हा ह्यांच्याकडं वळून, “मालक, रिव्हर्सला गाणं पण टाकू काय? फुकट देतो.” डोकंच फिरलं माझं. गाडी मागं घ्यायचीय का वरात काढायचीय?

मंगळवारी सकाळी निघालो. भावजींनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, गाडीला हळद-कुंकू लावलं. हायवे चारपदरी झाल्यापासून निपाणीपर्यंत गाडी कशी पळते ते कळतही नाही. निपाणीत चहा घेतला, तवंदीचा घाट ओलांडला, संकेश्वरला उजवीकडं वळून गडहिंग्लज गाठलं. हे डाव्या बाजूच्या सीटवर खिडकीला टेकून बसले होते. ऊस दिसला की बोट करायचे. किती दिवसांनी ते बोट उठलं होतं!

गडहिंग्लजच्या बाजारात गाडी लावायला म्हणून रिव्हर्स टाकला आणि पीं सुरू. थांबेचना! मागं रिकामी जागा, तरी न थांबता बोंब. मी त्या फिटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात माणसं जमलीच. एकजण “येऊ दे”, दुसरा “डाव्या अंगाला घ्या”, तिसरा गाडीच्या पाठीवर थापा मारतोय. एक म्हातारे खिडकीशी येऊन म्हणाले, “अक्का, तुम्ही उतरा. आमचा माणूस लावंल.”

“आणि सगळ्या वाटेला तुमचा माणूस कुठनं आणू?” मी म्हटलं. उतरून मागं गेले. बघते तर काय, बंपरला तारेनं बांधलेली जुनी चप्पल! दृष्ट लागू नये म्हणून निघताना भावजींनी बांधलेली, आणि बांधली ती बरोब्बर सेन्सरच्या तोंडावर. गाडीला डोळे बसवायचे आणि लगेच त्या डोळ्यांपुढं पायताण लटकवायचं, असलं डोकं आमच्याच घरात चालू शकतं! मी तार सोडून चप्पल ह्यांना दाखवली. हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा अंग हलवून हसले. मी ती फेकणार, तर म्हणाले, “नको. पुढं… बांध.” बांधली पुढं. ह्यांच्यापुढं काय बोलणार? मग भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला. ताट चाळीस रुपये, भाकरी मागाल तितकी. तिथल्या भाजलेल्या शेंगा बरोबर घ्या, गडावर काही मिळत नाही.

सामानगडावर वरपर्यंत गाडी जाते. रस्ता मात्र अरुंद. पायथ्याच्या अलीकडं समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. तो मागं जाऊ शकत नाही, म्हणजे मीच जायचं. ट्रॅक्टरवरचे दोघं न विचारता उड्या टाकून माझ्यामागं गेले. “येऊ दे मावशी, येऊ दे! लई जागा हाय!” सेन्सर गप्प. मीही निवांत घेत होते. आणि हे एकदम ओरडले, “थांब!”

मी दचकून ब्रेक दाबला. हे डाव्या आरशात बोट दाखवत होते. उतरून बघितलं तर मागचं डावं चाक मोरीच्या काठावर. मोरीला कठडा नाही, खाली पुरुषभर खड्डा. हे आत बसलेले. गाडी कलंडली असती तर ह्या माणसाला मी बाहेर कशी काढणार होते?

“लई जागा कुठंय?” मी ओरडले.

“वाईच कमी पडली की,” त्यातला एक हसत म्हणाला. “आम्ही थांबवणारच हुतो.”

“कधी? खाली गेल्यावर? तुमच्या आईला बसवा असल्या गाडीत आणि मग येऊ दे म्हणा!” माझा आवाज शिवारभर गेला असेल. गेला तर गेला. दोघं गुमान ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

त्या फिटरनं सांगितलं होतं, “काकी, ह्याला सगळं दिसतंय.” डोंबल दिसतंय! भिंत दिसते, माणूस दिसतो, खड्डा दिसत नाही. लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. त्यानंतर आमचं ठरलं. मागचं सेन्सरनं बघायचं, डाव्या आरशातलं ह्यांनी. तसंच मागं घेतलं, वाट दिली आणि गडावर पोचलो.

वर वारा मस्त होता. कातळात खोदलेल्या विहिरी मी फिरून बघितल्या, ह्यांना खुर्ची टाकून तटाजवळ बसवलं. गाडीत पिठलं-भात केला. सकाळी खालच्या शिवारावर धुकं होतं. चहा पिता पिता हे म्हणाले, “पुढं… हंपी.” हंपीला जायचं तर गाडी हवी, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. बुधवारी नेसरीला भावाकडं राहिलो. तिथंही भाऊ मागं उभा राहिला होताच, पण आता मी आरशात बघत नव्हते, ह्यांच्याकडं बघत होते.

गुरुवारी परत निघालो. कागल मागं पडल्यावर मला नुसता राग राग येत होता. बाई चालवतीय म्हटल्यावर जो तो उठतो आणि वाट दाखवतो. गाडीत आजारी माणूस बसलाय म्हटल्यावर त्याला कुणी काही विचारतच नाही, त्याच्या डोक्यावरून सगळं ठरवतात. फिटर मला बघत नव्हता आणि भावजी ह्यांना बघत नव्हते. दोन्ही एकच.

आवारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं. पांढरे कपडे, हातात मोबाईल. मी रिव्हर्स टाकला तशी भावजींनी बाह्या सरसावल्या आणि गाडीच्या पाठीला हात लावून मागं उभे राहिले. “येऊ दे वहिनी, येऊ दे!”

पीं सुरू झालं. मी थांबले.

“येऊ दे की! भिंत लांब हाय अजून!”

“भावजी, तुम्ही सरका.”

“मी सरकलो तर पुन्हा ठोकशीला!”

मी काही बोलायच्या आत ह्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला. “बापू… बाजूला हो. तुझ्यामुळं… वाजतंय.”

भावजी हात लावून तसेच उभे राहिले. मग हळूच बाजूला झाले. आवाज बंद पडला. ह्यांनी आरशात बघून मान हलवली, मी पीं पुन्हा एकसारखं वाजेपर्यंत गाडी नेऊन भिंतीपासून वीतभर अंतरावर लावली. भावजी वाकून बंपर बघायला लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवून. काही नव्हतं.

गिऱ्हाईक खिडकीपाशी आलं आणि माझ्याकडं न बघता, ह्यांच्याकडंही न बघता, भावजींना म्हणालं, “मग, कवा नेऊ?”

हे त्याच्याकडं वळले, आणि कुठंही न अडखळता म्हणाले, “चहा घेऊन जावा, पावणं. गाडी विकायची न्हाय.”