नायिकेचा रंग
परवा भाचीच्या गॅदरिंगला विंगेतून मेकअपचा तेलकट वास आला आणि माझा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला. मी कॉलेजात असताना आम्ही एका कथेवर नाटक बसवत होतो. नायिका तव्यासारखी काळी आहे, असं लेखकानं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. वर्गात तेवढी काळी मीच, म्हणून कामठीहून येता-जाता ऑटोत मी तिचे सगळे संवाद पाठ केले. मी ते म्हणून दाखवले, तेव्हा नाटक बसवणाऱ्या बाई हसल्या. "पुस्तकात असन वं, पण वाचताना मले तर ती गोरीच दिसते," म्हणाल्या आणि वर्गातल्या सगळ्यात गोऱ्या मुलीला उभं केलं. पुढे पाहुणा म्हणून तो लेखकच येणार असं कळलं, तेव्हा तिला काळं रंगवायचं ठरलं. विंगेत बाईंनी माझा उजवा हात धरून तिच्या अर्धवट रंगवलेल्या गालाला लावला आणि मेकअपवाल्याला म्हणाल्या, "हा रंग पाहून घे गा, पण एवढा काळा नको करू." नाटक संपल्यावर लेखक रंगमंचावर आला. "हिले काळं काहून केलं?" त्यानं हसत विचारलं. "मी लिहून राहिलो होतो तेव्हा अशीच गोरी पोरगी डोळ्यासमोर होती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या गालाचा रंग माझ्या मनगटाला लागला होता, आणि तिथे तो उजळ दिसत होता. परवा माझ्याच रंगाच्या भाचीकडे नाटकात फक्त पडदा ओढायचं काम होतं.