मी दिलेली साक्ष

चाकणच्या एका कंपनीत मी सात वर्षं गाड्यांचं वायरिंग तपासायचं काम केलं. प्रत्येक जोडणी अंगठ्यानं दाबून बघायची, टक असा आवाज आला की पुढची. एका सकाळी अंगठ्यानं दाबताच येईना. हात झोपेत अंगाखाली आला असेल असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि महिन्याभरात पिंपळे गुरवच्या आमच्या घरात सकाळी मला नळसुद्धा उघडता येईना. नवरा कामावर जायच्या आधी माझी वेणी घालून द्यायला लागला. ती वाकडी यायची. कंपनीच्या बसमधल्या बायका हसायच्या, मीही हसायचे.

वर्षभर कुणी म्हणालं चिकनगुनियाचं मागं राहिलेलं दुखणं, कुणी म्हणालं रक्त कमी. मग केस गळून हातात यायला लागले, उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "हा ल्युपस आहे. तुमचं शरीर तुमच्यावरच उलटलंय. पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांनी आवरता येतो. आणि ही स्टेरॉईडची गोळी मनानं कधीच बंद करायची नाही."

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई जालन्याकडच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि शेजारणीशी बोलावं तशा देवाशी बोलायच्या. "देवबापा, पोर दुखण्यानं वाळून चालली. तू बघायलास ना?" मला त्यांच्या त्या हाताचाच जास्त आधार वाटायचा.

गोळ्यांनी सांधे मोकळे झाले, पण तोंड सुजून गोल झालं. आरशात बघवत नव्हतं. त्याच सुमारास पुनावळ्याला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकांच्या घरी उपासप्रार्थना होती. बाहेरगावाहून एक उपदेशक आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, भरवसा प्रभूवर आहे की गोळ्यांवर?"

परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "काय ठरवलंस?"

"आई, मला नको झाल्यात त्या गोळ्या."

"मग प्रभूवर टाक. मी हाय ना."

नवऱ्याला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. तो समोर असला की मी रिकामी मूठ तोंडाशी नेऊन वर पाणी प्यायचे. सासूबाई दुसरीकडे बघायच्या.

पंधरा दिवसांत तोंडाची सूज थोडी उतरली. तिसऱ्या रविवारी उपासनेत मी उभी राहिले आणि साक्ष दिली. गोळ्या टाकल्या, प्रभूनं मला बरं केलं. "हालेलुया" म्हणत मंडळीनं टाळ्या वाजवल्या. चर्चचे पाळकसाहेब मात्र नुसते बघत राहिले. खरं सांगायचं तर त्या सकाळी माझी बोटं पुन्हा दुखत होती. पावलं चपलेत मावत नव्हती. मला वाटलं, एकदा तोंडानं बोलले की तसं होईल.

आठवड्याच्या आत मी कामावरच कोसळले. दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीणबाई नवऱ्याला विचारत होत्या, "गोळ्या कधी बंद केल्या?"

"बंद नाही केल्या, मॅडम. रोज माझ्यासमोर घेते ती."

मी डोळे मिटून घेतले. पायथ्याशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मी बंद करायला लावल्या. तिला काही बोलू नका."

ते अर्धंच खरं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. नवरा आईशी दोन महिने बोलला नाही. ताट वाढलं तर जेवायचा, एवढंच. सासूबाई न चुकता गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. एकदा नवऱ्याला मी म्हटलं, "ठरवलं मीच होतं. त्यांनी फक्त हो म्हटलं." तो उठून आईच्या खोलीत गेला. आत काय बोलले ते मी विचारलं नाही.

चालता यायला लागल्यावर मी चर्चला गेले. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "विश्वास डळमळला असेल." साक्षीची वेळ आली तेव्हा मी उठले.

"मी इथं खोटं बोलले होते," मी म्हटलं. "त्या दिवशीही माझी बोटं दुखत होती. कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल, तर आज घरी जाऊन घ्या."

पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

उपासना संपल्यावर कुरुळीहून येणाऱ्या एक मावशी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. "तुमची साक्ष ऐकून मी शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "जखम भरंना झालीय. तुमच्या डॉक्टरीणबाई बघतील का?"

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा त्यांना घेऊन गेलो. उशीर झाला होता. त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनीच मला धीर दिला. "तुमचं काय चुकलं? तुमालाबी बरं व्हायचं व्हतं." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बसून राहिले.

आता नोकरी सुटलीय. दुसरं मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडे चढलेत की उतरलेत ते बघायचं. चर्चला जाते, पण बरं कर असं मागायला तोंड उघडत नाही. संध्याकाळी सासूबाई माझ्यासाठी मागतात. मी त्या मावशींचं नाव घेते, आमेन म्हणते आणि भाकरी थापायला उठते. बोटं साथ देतील तेवढ्या थापते, उरलेल्या नवरा थापतो.