धुराची बाही

पहाटेपासून धुकं असं बसलं होतं, की तळघराच्या दारातून समोरच्या द्राक्षवेली दिसेनात. लाकडी पिंपं घडवणाऱ्या पिंपकाकांना त्याचं काय! वाइनसाठी ओकच्या लाकडाचं नवं पिंप आतून शेकायचं म्हणजे आत जाळ धरायचा आणि डोळे भरून आले तरी हलायचं नाही. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

"काका, हात धुऊन वर या, चव घ्यायचीय," मालकीणबाईंची हाक आली.

टेबलावर दोन पेले होते. एकाच मळ्यातली, एकाच दिवशी तोडलेली द्राक्षं. पण एक पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत ठेवलेली, दुसरी काकांच्या नव्या पिंपात नऊ महिने. स्टीलची सरस निघाली, तर पुढच्या वर्षी पिंपं बंद. मग पिंपकाकांना विचारतो कोण?

चव घेणाऱ्यांची एक रीत असते. पेला हुंगण्याआधी आपलीच बाही हुंगायची, म्हणजे नाक ताजं होतं. काकांनी बाहीत नाक खुपसलं. स्टीलची वाइन हिरवं सफरचंद चावल्यासारखी, दात आंबवणारी. पिंपातली लोण्यासारखी, भाजल्या बदामाची.

"पहिली चांगलीये, पण पोरकट," काका म्हणाले. "दुसरीला घरंदाजपणा आहे."

"आणि जळकं नाही लागत काही?"

"जळकं? छे! सर्दी झालीय तुम्हाला, बाई."

"मला? अहो, तुमची बाही हुंगा जरा! धूर हुंगून धूर शोधताय होय?"

काकांनी खिसा चाचपला. खिशात धुतलेला रुमाल होता. बायको रोज सकाळी तो कोंबायची आणि बजावायची, "नाक बाहीला पुसू नका." रुमाल रोज तसाच घडीचा घरी जायचा. आज काकांनी तो उलगडला. साबण आणि उन्हाचा वास छातीत भरून घेतला, मग दुसरा पेला उचलला.

दूध खाली लागावं तसा करपट वास! दोष द्राक्षांवर ढकलता आला असता. जीभ तिकडे वळतही होती.

"करपलीय," ते म्हणाले. "जाळ माझाच जास्त झाला. यंदा बाटल्यांत स्टीलचीच भरा." एवढं बोलून त्यांनी पेला खाली ठेवला.

"मग ही ओतून देऊ?"

"ओतून कशाला? दहा भाग ती, एक भाग ही. बघा तर."

त्यांनीच मोजून मिसळली. बाईंनी घोट घेतला, पुन्हा घेतला. आंबटपणाची धार मऊ झाली होती, धूर कुठल्या कुठे.

"पुढच्या वर्षी निम्मी पिंपात," त्या म्हणाल्या. "स्वतःचं करपलेलं स्वतः सांगणारा माणूस मी कुठून आणू? फक्त जाळ कमी. आणि चवीला येताना बाही नाही, रुमाल!"

काकांवर बाईंचे उपकार होतेच. पण एकतीस वर्षं न चुकता रुमालाची घडी घालणारीचे कसे फेडायचे? आज घरी जाऊन सांगायलाच हवं. ती म्हणेल, "आत्ता कुठं अक्कल आली." म्हणू दे.

खाली नव्या पिंपातला जाळ बसला होता. काकांनी निखारे काढले, तळ बसवला, गरम पाणी ओतलं आणि कुठं गळतंय का ते बघत पिंपाभोवती वाकून फिरू लागले.