दोन टक्के वरून

प्रेरणा बहेकार कधी एका जागी निवांत बसलेली दिसायची नाही. आमगावपासून नऊ किलोमीटरवरच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. स्कूटी लावून हेल्मेट काढायच्या आधीच ओट्यावरच्या बाईला विचारायची, "गोळ्या खाल्ल्या का?" घरी भाजी फोडणीला टाकून अंगण झाडायची आणि झाडता झाडता फोनवर बोलायची. नवरा कैलाश गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझर. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. म्हणायचा, "मी मिलमधी थकत नाइ, तुले पाहूनच थकतो."

मागच्या वर्षी जानेवारीत तिला बँकेतून फोन आला. पोरगी हिंदीत गोड बोलत होती. "मैडम, आपका रेकॉर्ड बहुत अच्छा है, इसलिए आपका कार्ड अपग्रेड हो रहा है."

बारा वर्षांच्या नोकरीत प्रेरणाला एकदाही बढती मिळाली नव्हती. तिच्यानंतर लागलेल्या दोघी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. ही त्याच उपकेंद्रात, त्याच गळक्या नळाशी. आणि इथं कुठली कोण पोरगी सांगत होती की तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. प्रेरणा 'हो' म्हणाली.

आठ दिवसांनी काळंभोर क्रेडिट कार्ड घरी आलं. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट जेवण, असं त्यावरच्या कागदात लिहिलं होतं. कैलाशनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "तू कोन्या विमानात बसून राहिली?"

"ते सोडा. वर्षात अडीच लाख खर्च केला तं फी माफ, आन् वरून दहा हजार पॉइंट."

"अडीच लाख? आपन खातो काय येवढं?"

खात नव्हतेच. म्हणून प्रेरणा दुसऱ्यांच्या खर्चावर नजर ठेवू लागली. बहिणीकडे फ्रिज घ्यायचा होता, प्रेरणानं कार्ड फिरवलं आणि बहिणीकडून नगद घेतले. उपकेंद्रातल्या आशाताईच्या पोरीची कॉलेजची फी, शेजाऱ्यांच्या गाडीचे टायर, मामेभावाच्या लग्नातले कपडे, सगळं तिच्या कार्डावर. लोकांना वाटायचं बाई किती मदत करते. डायरीच्या मागच्या पानावर ती बेरीज करत राहायची. रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा फोनमध्ये पॉइंट बघायची. रातोरात ते कुठं वाढणार होते, पण बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

यंदा जानेवारी सरत आला तेव्हा अडतीस हजार कमी पडत होते. तिच्या मते मार्चअखेरपर्यंत मुदत होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आणि नेमकी तेव्हाच तिच्या दिराची, खुशालची, बोअरमधली मोटर जळली. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर आलेली.

"खुशालभाऊ, मोटर मी घेऊन देतो. तुमी मले नगद द्या."

"कायले वयनी? पैसे आहेत माह्याजवळ."

"द्या म्हनलं ना."

आमगावात सुखराम पटले यांचं मोटरपंपाचं दुकान. साठीचा माणूस, प्रेरणाच्या उपकेंद्राच्या गावातलाच. मोटर, पाइप, केबल मिळून बरोबर अडतीस हजार झाले. प्रेरणानं कार्ड पुढं केलं तसे ते म्हणाले, "सिस्टरबाई, कार्डावर दोन टक्के वरून लागतेत. सातशे साठ. फोननं स्कॅन करा, एक पैसा जास्तीचा नाइ."

"काऊन लागतेत? भाव तं तोच आहे ना?"

"मशीनवाले माह्याकडून कापतेत, बाई. मोटरमांगं मले सुटतेतच किती?"

मागं गिऱ्हाइकं उभी होती. खुशाल चपलेनं जमीन उकरत होता. प्रेरणानं ओठ घट्ट मिटले आणि कार्ड फिरवलं. सुखरामजींनी बिलाच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कार्ड चार्ज ७६०'. लपवाछपवी काही नव्हती.

बाहेर येऊन खुशालनं अडतीस हजार मोजून दिले. "वयनी, वरचे सातशे साठ मी नाइ देत. मी तं नगदच देऊन राहिलो होतो."

त्याचं चूक नव्हतं. परतताना स्कूटीवर प्रेरणा मनात गणित करत होती. अडतीस हजारांवर मिळणारे पॉइंट मोडले तर हाती येणार एकशे नव्वद रुपये. त्यासाठी सातशे साठ दिले. दहा हजार पॉइंट मिळणार म्हणून परवडलं, असं तिनं स्वतःला तीनदा सांगितलं. तरी जेवताना तिनं भातात दोनदा वरण वाढून घेतलं आणि ताट तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, दुकानदाराला असा चार्ज घेता येत नाही, बिलाचा फोटो पाठवा. तिनं उभ्याउभ्याच फोटो पाठवला.

नवव्या दिवशी सातशे साठ परत आले. ती घरभर सांगत फिरली. कैलाश फक्त "बरं झालं" म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

त्यानंतर चारेक दिवसांनी आमगावच्या बाजारात तिला सुखरामजींच्या दुकानाच्या काचेवर कागद दिसला. 'कार्ड मशीन बंद आहे.' तिच्या डोळ्यांदेखत एक मास्तर आत गेले, कार्डावर हप्त्यानं मोटर मिळणार का विचारून बाहेर आले आणि गोंदियाच्या बसकडे वळले. प्रेरणानं स्कूटी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. त्या दिवसापासून ती बाजाराला मागच्या गल्लीनं जाऊ लागली. दुकान टाळता येत होतं, विचार टाळता येत नव्हता. लस टोचताना सुद्धा मध्येच मनात यायचं, त्यांना कळलं असेल का?

फेब्रुवारीतल्या लसीकरणाच्या दिवशी सुखरामजी उपकेंद्रात आले. सोबत सून रुची आणि तिच्या कडेवर अडीच महिन्यांचं बाळ. प्रेरणानं बाळाला लस दिली, लसीच्या कार्डावर तारीख लिहिली, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. सुखरामजी फक्त मान हलवत होते. रुची बाळाला घेऊन पडवीत अर्धा तास थांबायला बसली तेव्हा प्रेरणाच्यानं राहवलं नाही.

"काकाजी, ती तक्रार मीच केली होती."

"माईत आहे. बँकेनं मले बिलाचा फोटो दाखवला आन् मशीन बंद केलं. माहंच अक्षर."

"मंग बोलले काऊन नाइ?"

"नातीले सुई टोचाची होती. भांडाले थोडी आलो?" ते पेशंटच्या बाकावर बसले. "नियमानं तुमी बराबर आहा. मी घ्याले नव्हतं पाहिजे. पन एक सांगा, तुमाले पॉइंट भेटतेत, ते कोन देते?"

"बँक."

"बँक कुठून आनते? तुमी कार्ड फिरवलं का माह्या मशीनमधून कापतेत. त्यातलंच थोडं तुमाले देतेत. मले दाखवतेत कापलेलं, तुमाले दाखवतेत बक्षीस. मधातले उरले, ते कोनालेच दाखवत नाइत."

तिनं ट्रेमधला कापूस उगाच नीट लावला. पाकिटातून सातशे साठ काढून पुढं केले. सुखरामजींनी हात मागं घेतले. "नाइ बाई. हे घेतले तं दोन डाव चूक होईल माही. मशीन चालू करून देता येते का, तेवढं पाहा. माहा अर्ज इंग्रजीत पाहिजे म्हनतेत."

त्या दुपारी शेवटचं बाळ गेल्यावर प्रेरणानं अर्ज लिहिला. वरून पैसे घेणार नाही, असं सुखरामजींच्या नावानं हमीपत्र केलं. तक्रारीचा निपटारा झाला आहे, असं स्वतःच्या सहीचं वेगळं पत्र जोडलं. बँकेत दोनदा गेली. पहिल्या खेपेला साहेब रजेवर होते. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच मिळवायला तिला पाऊण तास काउंटरपाशी येरझारा घालाव्या लागल्या.

त्याच आठवड्यात तिच्या कार्डाचं बिल आलं. फी दोन हजार नऊशे पन्नास. दहा हजार पॉइंटचा पत्ता नाही. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"मैडम, आपका कार्ड वर्ष चौदह जनवरी को पूरा हो गया," पोरगी म्हणाली. "उस दिन तक खर्चा कम था."

चौदा जानेवारी. मोटर घेतली बावीसला. वर्ष कार्ड दिल्याच्या तारखेपासून धरतात, मार्चपर्यंत नाही, हे कागदात बारीक अक्षरात लिहिलं होतं. तिनं लाउंजचं पान वाचलं होतं, हे नव्हतं. बहिणीचा फ्रिज, टायर, लग्नातले कपडे, काचेवरचा तो कागद, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग कानशिलं तापली.

"मेरा पुराना कार्ड वापस दे दो."

"मैडम, आपके लिए इससे भी ऊपर का कार्ड अप्रूव्ड है. आपका रेकॉर्ड बहुत अच्छा है."

खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिला ते ऐकायला बरं वाटलं. पलीकडून पोरगी दोनदा 'हॅलो' म्हणाली.

"नहीं," प्रेरणा म्हणाली. "पुरानावाला."

सुखरामजींचं मशीन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. रोवणीचा हंगाम तोवर निघून गेला होता. किती गिऱ्हाइकं गोंदियाला गेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. बाळाच्या पुढच्या लसीला ते आले तेव्हा घरच्या वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवून गेले. प्रेरणाला ती घ्यावी की नाही कळेना. शेवटी तिनं घेतली.

जुनं कार्ड यायच्या आत साठलेले पॉइंट वापरायचे होते. एका रविवारी सकाळी तिनं त्यांतून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचं रिचार्ज मारून टाकलं. वर्षभराची धावपळ संपवायला अकरा मिनिटं लागली. पॉइंटच्या जागी शून्य आलं. कैलाश बाजेवर पडून तिच्याकडे बघत होता.

"झालं?"

"झालं."

"मंग बस ना आता जराशी."

ती बाजेच्या कडेला बसली. पंख्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग उठली, बादली भरली आणि अंगणात स्कूटी धुवायला घेतली.