चार बोटं खाली

माझ्या गाडीचं सीट माझ्या चाकांच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच होतं. सपाट सरकायचं असेल किंवा वरून खाली यायचं असेल, तर मला कोणी लागत नाही. हातांवर भार देऊन मी सरकते. चढायचं म्हटलं की मात्र माणूस लागायचा.

गाडी माझ्या अपघाताच्या आधीची. माझं माहेर पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावर. डांबरी रस्ता सोडला की पुढे सगळे गोटे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. म्हणून नवऱ्यानं मुद्दाम उंच गाडी घेतली होती. पुढे मी स्कूटीवरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातून सुटल्यावर बऱ्याच महिन्यांनी त्याच गाडीला हातानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायची दांडी बसवून घेतली. अपंगांच्या गाडीत बदल करायची रीतसर परवानगी काढली, लायसन नव्यानं काढलं आणि आर्णीहून माझ्या शाळेत जाणं पुन्हा सुरू केलं. मी गणित शिकवते.

सकाळी नवरा मला उचलून सीटवर बसवायचा. दुपारी शाळेतले एक सर काखेत हात घालायचे आणि शिपाईबाई पाय धरायच्या. दोघंही भले. पण उचलताना सरांचा श्वास मानेवर लागायचा, आणि तेवढा वेळ तोंड कुणीकडे करावं ते मला कधीच कळलं नाही.

एक दिवस सर रजेवर होते. नवरा दुकानाचा माल आणायला पुसदला गेलेला, फोन लागेना. शिपाईबाईनं एकटीनं उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो. शाळा रिकामी झाली. मी गाडीच्या दाराशी, लिंबाच्या सावलीत बसून राहिले. सावली सरकली की मीही खुर्ची सरकवायची.

"मॅडम, पानी आनू का?" शिपाईबाईनं विचारलं.

"नको," मी म्हणाले. पाणी प्यायलं असतं तर पुढची पंचाईत. त्यासाठीही पुन्हा माणूस लागला असता.

चावी माझ्या हातात होती. टाकीत पेट्रोल होतं. गाडी एका हाताच्या अंतरावर होती. नवरा आला तेव्हा ऊन उतरलं होतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून रोज मीच घ्यायले येत जाईन."

"मले माणूस नको," मी म्हटलं. "गाडी खाली पाह्यजे."

"गाडी खाली? मंग तांड्यावर कशी जाशीन?"

"तांड्यावर आपण महिन्यातून एकदा जातो. शाळेत रोज जाते."

त्यानं दुकानाच्या चाव्या खुंटीला अडकवल्या. मग म्हणाला, "मी हाय ना उचलाले. तुले कायचा तरास आहे?"

तो होता. रोज होता, कधी कंटाळला नव्हता. एवढ्या मायेनं धरलेल्या हातातून सुटायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी नुसतीच रडले, आणि त्याला वाटलं पाठ दुखते आहे.

तरी तो मला यवतमाळला घेऊन गेला. गॅरेजवाला पोरांच्या गाड्या खाली करून द्यायचा. दारात जमिनीला टेकल्यासारख्या दोन-तीन उभ्या होत्या. त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि नवऱ्याला विचारलं, "ताईले किती खाली पाह्यजे?"

"भाऊ, मले विचारा," मी म्हणाले.

तो ओशाळला. मग नीट समोर स्टुलावर बसला. म्हणाला, सोपा उपाय म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा वेढा कापणे, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. तशीच एक गाडी समोर होती. मी ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडायला लावलं, खुर्ची लावली, हात टेकवले आणि सरकले. आत पोचलेसुद्धा. नवरा दोन्ही हात पुढे करून उभा होता. ते हात तसेच राहिले. अपघातानंतर पहिल्यांदाच मी कुणी हात न लावता गाडीत बसले होते. मला हसूच आवरेना.

गॅरेजवाल्यानं गाडी एक चक्कर फिरवली. पहिल्याच गतिरोधकावर खालून असा दणका आला की माझे पाय ताठ झाले, थरथरत वर उचलले गेले आणि गुडघे डॅशबोर्डवर आपटले. पायांना कळत काही नाही, पण धक्का बसला की ते असे आपल्या मनानं वागतात. गाडी चालवताना हे झालं असतं तर पाय सरळ दांडीत अडकला असता.

"कापलेल्या स्प्रिंगचं असंच राह्यते," तो म्हणाला. "जागेवर नीट बसत नाई. अन् जुना शॉकप तळाले जाऊन ठोकते."

मग त्यानं दुसरा मार्ग सांगितला. उंची कमीजास्त करता येणारे शॉकप. "तांड्यावर जाचं तं वर करा, शाळेत जाचं तं खाली."

"वर-खाली कोण करन?"

"चाक काढून पान्यानं आटे फिरवा लागते."

"मी करीन ना," नवरा लगेच म्हणाला. "त्यात काय."

त्याचा चेहरा उजळला होता. मला त्याच्याकडे बघवेना. "नाई," मी म्हटलं. "ते नको."

शेवटी आखूड स्प्रिंग आणि त्यांच्याच जोडीचे आखूड शॉकप घ्यायचं ठरलं. चार बोटं खाली नेलं तर मागे माणसं बसली की टायर घासेल, म्हणून तीनच. उरलेलं एक बोट मी खुर्चीवर जाड उशी टाकून भरून काढलं. नवीन स्प्रिंग आधीच्यापेक्षा कडक होत्या, पण गतिरोधक हळू घेतला की पाय जागेवर राहायचे.

पहिल्या सकाळी मी सरकून बसले, खुर्चीची चाकं काढली, सांगाडा अंगावरून ओढून शेजारच्या सीटवर टाकला. घामाघूम झाले. नवरा ओट्यावर चहाचा कप धरून उभा होता. "जमलं?" त्यानं विचारलं. मग आत गेला. मी निघाले तेव्हा तो बाहेर आला नाही.

त्यानंतर याडीची, म्हणजे माझ्या आईची, तब्येत बरी नाही असा निरोप आला आणि मी एकटीच तांड्याकडे निघाले. फाट्यावरून आत वळले. चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. मागेही होईना. दार उघडून पाहिलं तर खाली उतार आणि गोटे. खुर्ची उभीच राहिली नसती. काच खाली करून मी बसले. आजूबाजूला तूर, माणूस कोणी नाही. फोन करता आला असता. नवरा काम टाकून आला असता आणि एक शब्द बोलला नसता. मी फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. शेवटी तांड्यावरच्या चुलतभावाला लावला.

चार-पाच जण आले. गाडी हलकी करायला त्यांनी मला उचलून बाहेर काढलं आणि बांधावर गोधडीवर ठेवलं. याडी तापाच्या अंगानं धावत आली.

"कायले आली बाई असल्या गाडीनं?" ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

ढकलून गाडी निघाली, पण मागच्या मागे, डांबरीकडेच. घरापर्यंत मी गेलेच नाही.

आता मी फाट्यावर थांबते आणि याडी चालत येते. ती बरी झाली, पण गुडघे दुखतात. गाडीत शेजारी बसून ती भाकरीचं फडकं सोडते, आम्ही जेवतो, ती तांड्यावरच्या लग्नाकार्याचं सांगते. नवरा म्हणतो, पुन्हा उंच करून घेऊ. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. परवा बोलता बोलता दिवस कलला. "येते मी," म्हणून ती उतरली, पदर खोचला आणि गोट्यांतून वाट काढत निघाली. मला तिला दारापर्यंत सोडता येत नव्हतं. ती वळणाआड जाईपर्यंत मी इंजिन सुरू ठेवून तिथेच बसून राहिले.