राजूर घाटातली गाडी

धामणगाव बढ्याच्या रंगरावांचा राग साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. माणूस कामसू, बैलांवर जीव टाकणारा; पण रस्त्यावर कोणी चुकलं की त्यांचं डोकंच फिरायचं. एखादा गाडीवान पेंगताना दिसला तर त्याला ते हाक मारून उठवत नसत, दंडाला धरून खाली ओढत. पुढे बुलढाणा-मलकापूर रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि त्यांना भांडायला रोजचंच निमित्त मिळालं.

त्या माघात ते चिखलीला, लेकीच्या सासरी, तिला आणायला गेले. शालूला सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. गाडीत कडब्याचा जाड थर, त्यावर गोधडी टाकून त्यांनी तिला जपून बसवलं आणि राजूरचा घाट उतरायला लागले.

दुसऱ्या वळणावर समोरून मोटार चढून आली. ड्रायव्हर निजाम मान मागं वळवून उतारूंना काहीतरी रंगवून सांगत होता, एक हात चाकावर, दुसरा हवेत. मोटार रस्त्याच्या मधोमध आली ते त्याला कळलंच नाही. रंगरावांनी कासरे खेचून बैल कडेला घेतले, तरी मोटारीचं मडगार्ड गाडीच्या चाकाला खरडून गेलं. बैल उधळता उधळता राहिले. शालूनं पोट दोन्ही हातांनी धरलं.

मोटार वर थोड्या अंतरावर थांबली. इंजिन तापलं होतं, त्यात पाणी ओतायचं होतं. निजामला काय झालं याचा पत्ताच नव्हता. रंगरावांनी गाडी थांबवली, काठी उचलली आणि चढावर धावत सुटले. उतारावर गाडी उभी केली तर चाकाखाली धोंडा लावावा, हे त्यांनीच कितीतरी जणांना दरडावून शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांना स्वतःला ते आठवलं नाही.

पहिली काठी निजामच्या खांद्यावर बसली. दुसरी उगारली, तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो त्यांच्या मागं, खाली बघत होता.

"मामू, तुमची गाडी चालली!"

एवढंच बोलून त्यानं मोटारीच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा उचलला आणि खाली धाव घेतली. गाडीचं वजन मानेवर आल्यानं बैल एकेक पाऊल पुढं सरकत होते आणि दरीची कड जवळ येत होती. निजामनं ठोकळा चाकाखाली सारला. चाक त्यावर चढलं, अडलं, थांबलं. मागून धापा टाकत आलेल्या रंगरावांनी बैलांच्या वेसणी धरल्या.

शालू रडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, तुमी मले कोनाच्या भरोशावर सोडून गेलते?"

निजाम खांदा चोळत म्हणाला, चूक आपली होती, गोष्टीच्या नादात रस्ता दिसला नाही. रंगराव म्हणाले, "तुही चूक घासून गेली, बापू. माही तर लेकीलेच घेऊन चालली होती." त्यांनी गाडीतला पाण्याचा तांब्या काढून आधी निजामला दिला.

शालूला मुलगी झाली, धडधाकट. त्यानंतरही रंगराव पेंगणाऱ्या गाडीवानांना उठवत, पण आता बैलांच्या शेजारून चालत, गावाचं नाव विचारत, तंबाखू पुढं करत. एक-दोघांनी उलट शिव्या दिल्या, त्याही त्यांनी ऐकून घेतल्या. कोकिळाबाईंना नवऱ्यातला हा फरक नवलाचा वाटे; शेजारणींना त्या तो हसून सांगत.

पाच महिन्यांनी लेक-नात सासरी निघाल्या, तेव्हा रंगरावांनी हट्टानं निजामचीच मोटार धरली. पुढच्या बाकावर, नातीला मांडीवर घेऊन ते आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले. घाट लागला आणि त्यांना राहवेना: हे काय, ते कशाला, पाणी कुठं ओततात? निजाम समोर बघत राहिला, एका शब्दानंही बोलला नाही. रंगराव जरा हिरमुसले.

माथ्यावर पोचल्यावर त्यानं मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळला.

"हां मामू, आता इचारा."

उतारू खोळंबले, पण कोणी कुरकुरलं नाही. रंगरावांनी सगळं पहिल्यापासून विचारलं.